लोधीपुऱ्याच्या गच्चीवरून गरुड

१८ मे. आज बिबड्यांचा शेवटचा दिवस. तीन दिवस भिजवलेली ज्वारी वाटून पहाटे मोठ्या पातेल्यात शिजवली आणि ऊन तापायच्या आत गच्चीवर ओल्या धोतरांवर थापून टाकली. आता वाळेपर्यंत एकच काम, कावळ्यांना जवळ येऊ द्यायचं नाही. एका हातात काठी, दुसऱ्या हातात मोबाईल, आणि मोबाईलवर अमेरिकेतल्या एका पाइनच्या झाडावरचं गरुडाचं घरटं. इकडे सकाळचे सात वाजतात तेव्हा तिकडे आदल्या दिवशीची संध्याकाळ असते. मादी फांदीवर बसलेली आहे. एक पिल्लू घरट्यात उभं राहून पंख आपटतंय, दुसरं झोपलंय.

गावाकडच्या माझ्या माणसांना बिबडे म्हणजे काय ते सांगायला हवं. ज्वारीचे जाडसर पापड. आपल्याकडे सातारा जिल्ह्यात कुणी करत नाही. मीही इकडे येऊनच शिकले. आणि इकडे आले होते ती महिनाभरासाठी.

तेव्हा लग्नाला दीड वर्ष झालं होतं. नवरा मध्य प्रदेशात कागदाच्या मिलमध्ये नोकरीला, मी गावी सासूबाईंजवळ. यात कुणाला वावगं वाटत नव्हतं. सासरेही त्याच मिलमध्ये होते आणि सासूबाई गावातच राहिल्या होत्या. मग नवऱ्याला मिलचं क्वार्टर मिळालं. दोन खोल्या, घरात नळ. पण क्वार्टर कुटुंब असणाऱ्यालाच, आणि कुटुंब खरंच राहतंय का हे बघायला साहेब येतो, अशी बातमी कुणीतरी आणली. म्हणून मला न्यायचं ठरलं. साहेब येऊन बघून जाईपर्यंत.

पहाटे फाट्यावर एसटीची वाट बघत उभे होतो. माझ्याबरोबर एक पोतं. त्यात स्टोव्ह, पोळपाट, दोन पातेली आणि साड्या. वडील शेजारच्या गावाहून सायकलवर आले होते. ते म्हणाले, "भुसावळला गाडी बदलायची असते. पाण्यासाठी खाली उतरू नको." सासूबाईंनी कामाची गोष्ट सांगितली. "साडी रोज भायेरच्या दोरीवर वाळत घाल. सायबाला आत यायची गरजच पडायची न्हाई." रडलं कुणीच नाही. महिन्याने परत येणाऱ्या माणसासाठी कोण रडतं? लग्नात मी नीट रडून घेतलं होतं, ते पुरलं.

मिलच्या कॉलनीत पोचले तर क्वार्टरच्या ओळीत प्रत्येक दारापुढे दोरी आणि प्रत्येक दोरीवर साड्या. शेजारची नांदेडची, तिच्यापलीकडची बुलढाण्याची. सगळ्या महिनाभरासाठी आलेल्या. साडी मळलेली नसली तरी आम्ही ती पिळून वाळत टाकायचो. साहेब कधी आलाच नाही. आला असता तर बघून गेला असता आणि आम्हीही परत गेलो असतो. तो आला नाही म्हणून कुणाला परत जाता येईना, कारण तो कधीही येईल. असं करत करत मला मुलगी झाली, ती शाळेत जायला लागली, आणि परत जायचं ते फक्त बोलण्यात राहिलं.

बोलण्यात मात्र ते पक्कं होतं. कपाट घ्यायचं का? नको, न्यायला अवघड. मागे पेरू लावायचा का? नको, फळं धरतील तेव्हा आपण इथे नसू. नवऱ्याचं हे एकच उत्तर तीस वर्षं टिकलं. शेजारच्यांनी पेरू लावला. आमच्या पोरीने तो खाल्ला, दगड मारून.

दोन वर्षांतून एकदा गावी जायचे. जेवायला वाढताना तोंडातून "और घ्या ना" निघून जायचं आणि जाऊबाई हसायच्या. इकडे परत आले की सातारी हेलात "काय गं, कुठं निघालीस" म्हटल्यावर कॉलनीतल्या बायका हसायच्या. पहिली काही वर्षं मी दोन्हीकडे जपून बोलायचे. नंतर सोडून दिलं. हसणाऱ्यांना हसायला काहीतरी लागतंच.

तीन वर्षांपूर्वी नवरा निवृत्त झाला आणि क्वार्टर सोडावं लागलं. गावी धाकट्या दिराने आमच्यासाठी दोन खोल्या बांधून घ्यायचं अंगावर घेतलं होतं. त्या पुऱ्या होईपर्यंत म्हणून आम्ही जवळच्याच बुऱ्हाणपुरात, लोधीपुऱ्यात एक वरचा मजला भाड्याने घेतला. नवरा, मी आणि सासूबाई. सासरे वारल्यापासून त्या आमच्याकडेच असतात. खाली घरमालकीण प्रमिला. तिचं माहेर दापोऱ्याचं, केळीवाल्यांचं. पहिल्याच उन्हाळ्यात तिने मला गच्चीवर बोलावलं आणि बिबडे थापायला बसवलं. मी गप्पा मारायला लागले तर म्हणाली, "भाभी, पहले हात चलाओ. गोष्टी नंतर."

दुसऱ्या उन्हाळ्यात आम्ही दोघी दुकानांसाठी करायला लागलो. बिबडे, कुरडया, पावसाळ्यात केळ्याचे वेफर्स. आता चार बायका कामाला येतात. दादर म्हणजे रब्बीची ज्वारी घ्यायला मी खकनारच्या बाजाराला स्वतः जाते, दाणा दाताखाली फोडून बघते आणि भाव करते. शहरातले दुकानदार मला विचारतात, "भाभी, पुढच्या महिन्यात किती माल देणार?" गावी मी एकीची सून आणि एकाची बायको असते. त्यात वाईट काही नाही. पण ते दिवसभराचं काम नव्हे.

आता गावच्या खोल्या पुऱ्या झाल्या आहेत. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पावसाच्या आधी, सामानाचा टेम्पो ठरला आहे. मी जाणार हे सगळ्यांनी धरूनच चाललंय. मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला नाही म्हटलं नाही. आजचे बिबडे गावी न्यायचे आहेत, असं नवऱ्याने प्रमिलाला परस्पर सांगून टाकलंय.

यात गरुड कुठून आले, तर मुलीकडून. रेवती अमेरिकेत असते. फेब्रुवारीत तिने लिंक पाठवली आणि खाली लिहिलं, "आई, टाइमपास." उघडलं तर नुसता बर्फ. मग दिसलं की बर्फात मानेपर्यंत बुडालेली एक मादी अंड्यांवर बसली आहे. डोकं पांढरं, चोच पिवळी. हलत नव्हती. मी सासूबाईंना दाखवलं.

"अगं, कुणीतरी झाडा की तो बर्फ तिच्या अंगावरचा."

"तिथे माणूस जात नाही, आई. नुसता कॅमेरा आहे."

"मग कॅमेरा लावाया कोण गेलं व्हतं?"

मी मोबाईल त्यांच्या हातात दिला.

हा गरुड आहे हे कळल्यावर सासूबाई आंघोळ झाली की मोबाईलला हात जोडायला लागल्या. विष्णूचं वाहन. गल्लीतल्या दोघी-तिघी दर्शनाला यायला लागल्या. एकीने मोबाईलपुढे तुळशीचं पान ठेवलं. आठवडाभर हे छान चाललं. मग एका सकाळी नर भला मोठा मासा घेऊन आला. मासा अजून तडफडत होता. तो त्याने भक्तमंडळींसमोर पायाखाली धरून फाडला. सासूबाईंनी मोबाईल पालथा घातला.

"एकादशी हाय आज."

प्रमिला म्हणाली, "मावशी, वो अमेरिकेचा गरुड आहे. तिकडे सब चलता."

"तिकडं गेला म्हणून काय झालं? देवाचा हाय न्हवं?"

दोन दिवस दर्शन बंद राहिलं. तिसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, "आज काय आणलं गं त्यानं?"

घरट्याच्या चित्राखाली जगभरातली माणसं लिहीत असतात. लाल बदाम पाठवतात, शुभेच्छा देतात, पिल्लू शिंकलं तरी घाबरतात. मी काही लिहीत नाही. मला त्या दोघांचं काम बघायला आवडतं. एक बसतो, दुसरा जातो. काडी आणतात, तिरकी बसली तर उपटून पुन्हा लावतात. पावसात पंख पसरून उभे राहतात आणि पाऊस थांबला की अंग झटकून मोकळे. आवाज मात्र चिरका. एवढ्या मोठ्या पक्ष्याला कोंबडीच्या पिल्लाचा आवाज.

नवऱ्याला याचा नाद माझ्यापेक्षा जास्त लागला. निवृत्त माणूस, दिवस मोठा. मी पीठ शिजवत असले की तो दारात उभा राहून वर्दी देतो. "ती गेली. तो आला. बदक आणलंय." पाळी बदलताना मिलमध्ये पुढच्या माणसाला मशीनचं सांगतात, त्याच आवाजात. मार्चमध्ये त्याला यातून मुद्दा सापडला.

"बघ, हे जोडपं दरवर्षी ह्याच घरट्यावर परत येतं. पाखराला कळतं."

"परत येतात ते ज्यांनी बांधलं ते. तिथे जन्मलेली पिल्लं येत नाहीत. ती आपलं दुसरीकडे बांधतात. खाली लिहिलंय, वाचा."

"वाचलंय. पण फार लांब जात नाहीत. त्याच मुलखात राहतात."

"मग तुम्ही जरा जास्तच लांब आलात."

"तेच म्हणतोय ना मी. परत जाऊ."

या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नाही. कुठल्याही वाटेने सोडला तरी तो गावीच पोचतो.

त्याची बाजू मला कळत नाही असं नाही. त्याच्यासाठी इथली सगळी वर्षं म्हणजे पाळी होती. भोंगा झाला की घरी जायचं. गावी त्याचे शाळेतले मित्र आहेत, नदीकाठचा एक दगड आहे ज्याच्यावर बसून तो तासभर काहीही न करता राहू शकतो. इथे तो रिकामा बसला की मला आजारी वाटतो, तिथे वाटत नाही. सासूबाईंना तर जायचंच आहे, आणि त्या ते लपवत नाहीत. इथलं पाणी त्यांना गोड लागत नाही, इथल्या बायका फार भरभर बोलतात, आणि मरायचं ते आपल्या माणसांत, असं त्या भाजी निवडताना सहज सांगतात. त्यांचा तो हक्क आहे. म्हणजे दोघांचं ठरलेलंच आहे. राहता राहिले मी.

दुपारी प्रमिला गच्चीवर आली. बिबडे उलटून बघितले, एक तुकडा मोडून तोंडात टाकला.

"भाभी, सच बताओ. जाऊन राहिल्या का तुम्ही? मला जून-जुलैची ऑर्डर घ्यायची की नाही, दुकानवाला दो बार विचारून गेला."

"उद्या सांगते."

"कल-कल करत एक दिवस टेम्पो येईल दारात. मग मी काय, टाटा करू?"

माझी काठी जमिनीवर आपटून ती खाली गेली. कावळा एकही नव्हता. मी उगाच मोबाईल लावला, तर तिकडे रात्र. कॅमेऱ्यात घरटं करड्या रंगाचं दिसत होतं आणि त्यात काही हलत नव्हतं. मी तो बंद केला आणि तासभर विचार केला. विचार फार नव्हता. मी नवऱ्याबरोबर गेले तर काय होईल हे मला नीट दिसत होतं. सकाळी स्वयंपाक, दुपारी झोप, संध्याकाळी जाऊबाईंच्या ओट्यावर बसणं. कुणी मला त्रास देणार नव्हतं. तेच अडचणीचं होतं. त्रास असता तर नाही म्हणायला सोपं गेलं असतं.

संध्याकाळी सातच्या सुमाराला आम्ही तिघंही गच्चीवर होतो. तिकडे उजाडलं होतं. सासूबाई स्टुलावर, नवरा कठड्याला टेकून मोबाईल धरून, आणि मी बिबडे सोडवत. धोतर उलटं करून मागून पाण्याचा हात फिरवला की बिबडा सुटतो. घाई केली तर मोडतो. मोठं पिल्लू दोन दिवसांपासून अधूनमधून घरटं सोडून बाहेरच्या फांदीवर बसत होतं. वारा आला, फांदी हलली आणि ते तिथे नव्हतं. एवढंच झालं. चित्राखाली जगभरातल्या माणसांच्या लिहिण्याचा पूर आला.

"गेलं! अगं, गेलं!" नवरा ओरडला.

धाकट्या पिल्लाने एकदा रिकाम्या फांदीकडे बघितलं आणि परत माशाचा जुना काटा ओढायला लागलं.

"परत येतंय का ते?" सासूबाईंनी विचारलं.

"येतं. काही दिवस खायला येतं, मग आपलं आपण शोधतं."

"म्हंजे येऊन-जाऊन."

"हां."

"चांगलंय."

मी हातातला बिबडा सुपात ठेवला आणि म्हटलं, "मी गावी येत नाहीये."

नवऱ्याने मान वर केली नाही. "मग कशाने येणार? रेल्वेने? तेही बरं, टेम्पोत हाडं खिळखिळी होतात."

"कशानेच नाही. राहायला येत नाही. तुम्ही आईंना घेऊन जा, मी इथे राहते. पाऊस लागला की काम कमी असतं, तेव्हा येईन. दिवाळीला येईन. थंडीत तुम्ही या."

आता त्याने मोबाईल खाली केला. "आपलं काही भांडण झालंय का?"

"नाही."

"मग?"

"काम आहे."

"लोक काय म्हणतील? नवरा गावात आणि बायको परमुलखात एकटी."

मी याचं उत्तर दुपारी तयार केलं होतं, चांगलं होतं, पण ते द्यायची वेळच आली नाही. सासूबाई मध्येच बोलल्या.

"कोण काय म्हनतंय? तुझा बा मिलमधी आन् मी गावात. तू जन्मलास तवाबी तो मिलमधीच व्हता. कुणी म्हनलं मला, एकटी कशी ऱ्हातीस म्हणून?"

"आई, ते वेगळं. त्यांची नोकरी होती."

"आन् ही सकाळधरनं उनात काय भातुकली खेळतीया व्हय?"

त्याने मोबाईल खिशात घातला. मी सासूबाईंकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. आम्ही काही एकमेकींची बाजू घेणाऱ्या सासू-सुना नाही. त्या माझी बाजू घेत होत्या असंही मला वाटत नाही. त्या आपला हिशेब मांडत होत्या. इतक्या वर्षांत त्यांना त्या एकटेपणाबद्दल कुणी विचारलं नव्हतं, आणि आज तो विषय निघाला तोही माझ्या निमित्ताने. पदराने तोंड पुसून त्या लगेच पुढच्या मुद्द्यावर आल्या.

"पर मला भाकरी कोण घालणार, तेवढं आत्ताच ठरवा. धाकटीची भाकरी मला चावत न्हाई."

"हे घालतील," मी म्हटलं.

"ह्यो?"

"हो."

"मी?" नवरा म्हणाला.

सासूबाई इतक्या हसल्या की खालून प्रमिलाचा आवाज आला, "क्या हुआ, मावशी?"

मी कठड्यावरून वाकून सांगितलं, "ऑर्डर घे. जून-जुलै दोन्ही."

तिने खालून वर बघितलं. मग ती म्हणाली, "मग एवढा दिवसभर जीव कशाला टांगला माझा?"

जेवताना नवरा एकच वाक्य बोलला. "आधी बोलली असतीस तर भावाला दुसरी खोली बांधायला सांगितली नसती." राग होता की नाही, कळलं नाही. बहुतेक होता. ज्या एका गोष्टीसाठी त्याने आयुष्यभर कपाट घेतलं नाही, ती मी एका वाक्यात अर्धी केली. त्याचं मला वाईट वाटलं. पण त्यासाठी टेम्पोत चढून बसण्याइतकं नाही. मी म्हटलं, "दुसऱ्या खोलीत मी येईन तेव्हा झोपेन." त्याने आमटी मागितली. मी वाढली.

गावी राहिलेल्या तुम्हा लोकांना हे कळेल तेव्हा तुम्ही काय म्हणाल, मला माहीत आहे. म्हणा. माझ्यासारख्या गाव सोडून गेलेल्यांना वेगळं सांगायला नको. आपण सगळ्यांनी एकच चूक केली. जिथे राहत होतो तिथे राहत नसल्यासारखं वागलो, आणि जिथे राहत नव्हतो तिथे भिंती बांधत बसलो. मला कुणी विचारलं तुझं घर कुठलं, तर मी अजूनही गावाचं नाव सांगते, कारण लोकांना तेच ऐकायचं असतं. स्वतःपुरतं उत्तर वेगळं आहे. उद्या काय भिजत घालायचं हे जिथे मला कुणाला विचारावं लागत नाही, ते घर. क्वार्टर ते नव्हतं, तिथे कायम साहेब येणार होता. ही गच्ची भाड्याची आहे, प्रमिला उद्या नको म्हणाली तर सोडावी लागेल. तरी आज तरी ती आहे, आणि पुढची ज्वारी सोमवारी भिजत पडेल.

१९ मे. सकाळी मी मोबाईल लावला नाही. परात काढली, ज्वारीचं पीठ घेतलं आणि नवऱ्याला ओट्यापाशी उभं केलं. पाणी कढत हवं, पण एकदम ओतायचं नाही. तळव्याच्या टाचेने मळायचं, बोटांनी नाही. त्याने मळलं. पहिली भाकरी परातीतून उचलतानाच तुटली. मी ते तुकडे गोळा केले, पुन्हा पिठात घातले आणि पाण्याचं भांडं त्याच्या हातात दिलं.